वादीतल्या गौरी

"ताई, त्यांना म्हणावं, टोपी घाला. ऊन फार आहे."

वैजू हे मला सांगत होती. आणि 'ते' कोण, तर माझा धाकटा भाऊ श्रीरंग, तिचा लग्नाचा नवरा, जो तिच्यापासून दोन हातांवर एका दगडावर पाय टेकवून बुटाची नाडी आवळत होता. बहिरा नव्हता तो. तरी मी त्याच्याकडे वळले.

"ऐकलंस, की परत म्हणू?"

"म्हण ना. तू म्हटल्याशिवाय मला ऐकू येत नाही," तो म्हणाला. "आणि तिला सांग, टोपी घरी राहिली."

"राहिली नाही. माझ्या पिशवीत आहे म्हणावं."

"तिच्या पिशवीत आहे रे बाबा."

वैजूनं टोपी काढून माझ्या हातात दिली, माझ्या हातून त्यानं घेतली. आमचे आगाशे गाडीतून पाण्याचे कॅन उतरवत होते. ते म्हणाले, "तुला आता टपालखात्यानं पगार सुरू करायला हवा." मी म्हटलं, "पगार नको, बदली मिळाली तरी पुष्कळ झालं."

गोष्ट मस्कतची आहे, तीसेक वर्षांपूर्वीची. आगाशे तिथे आधीपासून नोकरीला होते, त्यांनीच श्रीरंगला तिकडे चिकटवून दिलं. मग त्याचं लग्न झालं, देवरूखची वैजयंती आमच्या खांबेट्यांच्या घरात सून म्हणून आली, आणि दोन्ही बिऱ्हाडं एकाच गल्लीत थाटली. नणंद-भावजयीचं आमचं कधी वाजलं नाही. वाजायचं ते नारळ विळीवर खवायचा की खवणीनं, एवढ्यावरच.

त्या वर्षी ज्येष्ठात तिच्या वडलांना झटका आला. फोन आला तो श्रीरंगच्या ऑफिसात. वैजूला तेव्हा तिसरा महिना होता. आधीचं एक राहिलं नव्हतं, आणि डॉक्टरीणबाईंनी पलंगावरून पाय खाली टाकायचा नाही म्हणून बजावलं होतं. श्रीरंगनं आपल्याशीच ठरवलं, आत्ता सांगायचं नाही. वडील बरे होतील, मग सांगू. मलाही सांगितलं नाही शहाण्यानं. वडील काही बरे झाले नाहीत. वैजूला कळलं तेव्हा तिकडे दिवससुद्धा उरकले होते. आणि त्याच आठवड्यात पोटातलंही गेलं. ज्याच्यासाठी एवढं लपवलं, तेही हाती लागलं नाही.

ती रडली, ओरडली, भिंतीवर डोकं आपटलं. मी होते तिथे. मग एक दिवस एकदम शांत होऊन त्याला म्हणाली, "तुम्ही मला विचारलं नाहीत. जायचं की राहायचं, ते मी ठरवलं असतं." ते शेवटचं. आषाढ गेला, श्रावण गेला, त्याच्याशी शब्द नाही. जेवण वेळेवर, कपडे इस्त्रीचे, टोपीसुद्धा आठवणीनं पिशवीत. फक्त शब्द नाही.

अनंत चतुर्दशी झाली की ती माहेरी जायची होती. महिनाभर जाते म्हणाली होती. पण मी तिच्या ट्रंकेत डोकावले होते, नणंदच ना मी! लग्नातला शालू, चांदीची भांडी, वडलांनी दिलेली बाजाची पेटीसुद्धा कापडात गुंडाळून ठेवलेली. महिनाभराच्या माहेरपणाला कोणी पेटी नेत नाही. श्रीरंगलाही ते दिसत होतंच. एका संध्याकाळी माझ्या स्वैपाकघरात येऊन तो ओट्याला टेकून उभा राहिला.

"ताई, तिला हवं तितकं राहू दे तिकडे. वर्ष राहू दे. फक्त एकदा आपल्या तोंडानं म्हणू दे, परत येईन. मग मी थांबेन. म्हातारा होईपर्यंत थांबेन."

माझ्या भावाच्या डोळ्यांत पाणी मी त्याच्या मुंजीनंतर पहिल्यांदाच पाहिलं. तेव्हाच मी हा गौरीचा घाट घातला.

आमच्या घरच्या गौरी खड्यांच्या. मुखवटे नाहीत, साड्या नाहीत. घरच्या बाईनं वाहत्या पाण्यावर जायचं, तोंडात पाणी भरून घ्यायचं, पाण्यातले पाच खडे उचलून ताम्हनात ठेवायचे आणि मुक्यानं घरापर्यंत यायचं. उंबऱ्याशी वडीलधारी बाई तिच्या पायांवर दूधपाणी घालून विचारते, "कोण आलं?" मग ती तोंडातलं पाणी टाकते आणि म्हणते, "गौर आली." "कशी आली?" "सोन्यामोत्यांच्या पावलांनी आली." मधे कुठे तोंडून शब्द निघाला तर ते खडे बाद. नवं पाणी, नवे खडे, पहिल्यापासून सगळं. लहानपणी मी परकरात गौर घेऊन पऱ्यावरून, गावच्या ओहळावरून, यायचे तेव्हा हा श्रीरंग मागून माकडासारख्या उड्या मारत मला हसवायचा. मी फस्सकन हसले की टाळ्या पिटायचा, "ताईचे खडे बाद, ताईचे खडे बाद!" आणि आई मला पुन्हा पऱ्यावर पिटाळायची.

मस्कतला पऱ्या कुठला? आम्ही बागेतल्या नळाखाली खडे मांडून भागवत होतो. त्या वर्षी गौरी नेमक्या शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी आल्या, आणि तिथल्या मराठी मंडळाच्या सबनीसांनी त्याच दिवशी वादीची सहल काढली. वादी म्हणजे डोंगर चिरत गेलेली नदीची घळ. त्या देशात बहुतेक वाद्या कोरड्या ठणठणीत, पण एखादीच्या पोटात बारा महिने पाणी असतं. उजाड, भाजलेल्या डोंगरांमधे हिरवीगार तळी, एकातून दुसऱ्यात, आणि अगदी शेवटी धबधबा. मी म्हटलं, यंदा गौर तिथलीच आणायची. वैजूनं खडे उचलायचे, श्रीरंगनं सोबत करायची. तासन्‌तास एका वाटेवर चालतील, कुठेतरी बांध फुटेल.

"पण तिथून घरापर्यंत गाडीत तोंडात पाणी धरून बसायचं?" वैजूनं विचारलं.

"छट्‌! जिथे जेवायला बसू तेच आपलं घर. मी तिथे उंबरा मांडून बसते. गौर आत आली की मग गाडीत हवी तेवढी बडबड कर." शास्त्राला एवढी मुरड मी परदेशात घालत असे.

तर असे आम्ही निघालो. सुरुवातीलाच पाणी आडवं होतं. एक म्हातारे ओमानी गृहस्थ होडीतून पैलतीरी सोडत होते. पलीकडे खजुराच्या आणि केळीच्या बागा, त्यांच्या कडेनं दगडी पाट झुळझुळ वाहत होता. सबनीस पुढे, डोक्याला पंचा गुंडाळून, मोठमोठ्यानं सूचना देत. "लहान मुलांचे हात धरा! कोणी मागे राहू नका! बायकांनी सांभाळून!" बायका त्यांच्या पुढे निघून गेल्या तरी चालूच.

बागा संपल्या आणि वाट कड्याच्या कडेनं वर चढली. दोन्ही बाजूंना तांबूस दगडाच्या भिंती, खाली मोठमोठे गोटे, आणि त्यांच्यामधून हिरवं पाणी. ऊन असं की दगडाला हात लावला तर चटका बसावा. वैजू माझ्या पुढे, श्रीरंग तिच्या पुढे. एका ठिकाणी वाट पाऊलभरच उरली होती. तिथे वैजूचा पाय घसरला. श्रीरंगनं मागे वळून तिचं मनगट धरलं, इतक्या झटकन की जणू सबंध वाटभर तो मागेच बघत होता.

"लागलं?" त्यानं विचारलं.

तिनं मान हलवली. नाही. मला मधे न घेता दिलेलं हे तिचं पहिलं उत्तर. वाट पुढे चांगली रुंद झाली तरी तिचं मनगट त्याच्या हातात होतं. तो सोडत नव्हता आणि ती सोडवून घ्यायचं विसरली होती. मग एकदम लक्षात आल्यासारखं तिनं हात काढून घेतला आणि पदर खोचला. मागून आगाश्यांनी माझ्या पाठीला बोट टोचलं. मी म्हटलं, "गप्प बसा हो, दृष्ट लावाल."

तळ्यांमागून तळी पार करत आम्ही शेवटच्या तळ्याशी पोचलो. तिथे घळ संपल्यासारखी वाटते. समोर कडा, आणि कड्याच्या बुडाशी एक चीर, जेमतेम डोकं पाण्याबाहेर धरून पोहत जाता येईल एवढी. तिच्यातून आत गेलं की मोठी गुहा आहे, वरून उजेड येतो आणि आत धबधबा पडतो, असं सबनीस सांगत होते. बाहेर नुसता त्याचा घुमणारा आवाज यायचा. पोहणारे पुरुष सगळे आत शिरले. श्रीरंग तर खाडीत वाढलेला, मासाच. आम्ही बायका काठावर पाय सोडून बसलो. पाण्यातले बोटभर मासे पायांना गुदगुल्या करत होते. वैजूला त्या गुदगुल्यांनी हसू आलं. आषाढापासून मी तिला हसताना पाहिलं नव्हतं.

बऱ्याच वेळानं पुरुष बाहेर आले. श्रीरंगच्या मुठीत खडे होते.

"ताई, हे धबधब्याखालचे. याच गौरी."

"अरे, पण बाईनं उचलायचे असतात!"

"उचलेल की ती. मी इथे पाण्यात ठेवतो, इथून ती उचलेल. पाण्यातले पाण्यातच राहिले." त्यानं काठाजवळ पाण्याखाली एक सपाट दगड होता, त्यावर पाच खडे ओळीनं मांडले. "आपल्या पऱ्याचं पाणी असंच पडायचं ना ग?"

मी हो म्हटलं. खरं तर काही तसं नव्हतं. पण त्याचं तोंड इतकं आनंदलेलं होतं!

जेवणाची जागा वळणापलीकडे, एका कड्याच्या सावलीत काढली होती. मी सगळ्यांना तिकडे हाकललं. वैजूच्या हातात ताम्हन दिलं आणि बोट नाचवत दोघांना दम भरला, अगदी आईच्या आवाजात.

"हे बघ, तोंडात पाणी घेतल्यावर अवाक्षर काढायचं नाही. बोललीस तर पहिल्यापासून, सांगून ठेवते! आणि तू रे, तिला हसवशील तर बडवीन. एवढा घोडा झालास तरी बडवीन."

"बघ ग वैजू," श्रीरंग म्हणाला, "ताई अजून तश्शीच ओरडते."

वैजूनं ओंजळीनं तोंडात पाणी भरलं. गाल फुगवून माझ्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. मी निघाले. वळणावर मागे पाहिलं तर ती खड्यांशी वाकली होती आणि तो छातीभर पाण्यात उभा राहून तिला काहीतरी सांगत होता. धबधब्याच्या आवाजात शब्द ऐकू आले नाहीत. मला वाटलं, तेच असणार. एकदा म्हण, परत येईन. मनात म्हटलं, वेडा आहे, आता तिच्या तोंडात पाणी आहे, आता कसली म्हणते?

वळणापलीकडे येऊन मी दगडावर कुंकवाची पावलं काढली. चटईची एक कड उंबरा ठरवली. दूधपाण्याचा गडवा भरून ठेवला. भाजी-भाकरीचा नैवेद्य काढला. मंडळींची पानं मांडून झाली, भात वाढून झाला, सबनीसांनी दोनदा "भात गार होतोय" म्हणून सांगितलं.

"येऊ देत हो सावकाश," मी म्हटलं.

"बोलतायत वाटतं," आगाशे हळूच म्हणाले.

"बोलू दे. खडे बाद झाले तरी चालेल."

खरंच मी तसं म्हटलं. उशीर होत होता आणि आम्हाला त्या उशिराचा आनंद होत होता. मुलांची जेवणं झाली. मग मात्र मला राहवेना. म्हटलं, बघून तर येते, खोकत जाईन म्हणजे झालं.

खोकत गेले. तळ्याशी वैजू एकटीच बसली होती. मांडीवर रिकामं ताम्हन, गाल पाण्यानं फुगलेले. पाच खडे समोर त्या सपाट दगडावर होते तसेच होते.

"हे काय? अजून उचलले नाहीस? श्रीरंग कुठाय?"

तिनं चिरेकडे बोट दाखवलं. तिच्या डोळ्यांत हसू होतं, ते मी कधी विसरणार नाही.

"परत आत गेला? केव्हाचा?"

तिनं खांदे उडवले. मग तिनं चिरेकडे पाहिलं. मग माझ्याकडे. माझ्या चेहऱ्यावर काहीतरी आलं असावं, कारण तिचे गाल हळूहळू खाली गेले, तोंडातलं पाणी हनुवटीवरून ओघळलं आणि ती उठून ओरडली, "अहो!"

तो आवाज दोन्ही कड्यांवर आपटून परत आला. "अहो! अहो!" ती कमरेएवढ्या पाण्यात शिरली, तिला पोहता येत नव्हतं, मी तिला पदराला धरून ओढत सबनीसांना, आगाश्यांना, देवाला, सगळ्यांना हाका मारत होते. आगाशे पाण्यात पडले. काठावर दोन ओमानी तरुण होते, त्यांनीही उड्या टाकल्या. त्यांनीच त्याला बाहेर आणलं. धबधब्याशेजारी दगडावर चढायला एक दोर टांगलेला होता, त्या दगडावरून तो घसरला असावा. डोक्याला मागे लागलं होतं. फार नाही लागलं. पण बेशुद्ध माणसाला पाणी कुठलं सोडतंय?

आम्ही पाणी काढलं, छाती दाबली, त्या मुलांनी तोंडानं वारा भरला. तो उठला नाही. त्याच कड्याच्या वाटेवरून, जिथे त्यानं तिचं मनगट धरलं होतं, तिथून त्याला चौघांनी खाली आणलं. होडीवाल्या म्हाताऱ्यांनी डोक्याचं फडकं सोडून त्याच्या तोंडावर घातलं. गौरीचा नैवेद्य तिथेच राहिला.

हॉस्पिटलात त्यांनी एका प्लॅस्टिकच्या पिशवीत त्याच्या अंगावरच्या वस्तू दिल्या. घड्याळ, जानवं, आणि अर्ध्या विजारीच्या खिशातले पाच खडे. मी पिशवी वैजूकडे दिली. पाच खडे तर तिकडे दगडावर राहिले होते, मग हे कुठले, असं क्षणभर मनात आलं. पण तेव्हा असल्या गोष्टींचा विचार कोण करतंय?

चतुर्दशीनंतरचं तिचं तिकीट बदलून आम्ही त्याला घेऊन गावी आलो. गुहागरजवळ आमचं घर आहे. आई ओटीवर बसली होती. रडून रडून तिचा आवाज बसला होता. वैजू पाया पडायला वाकली तशी आईनं पाय मागे घेतले.

"माझं पोर अडीच महिने एका शब्दासाठी तडफडत होतं. जिवंत होता तेव्हा दिला नाहीस. गेल्यावर 'अहो' म्हणून ओरडलीस म्हणे. काय करू मी त्या 'अहो'ला? तुझ्या अबोल्यानं त्याचं चित्त ठिकाणावर नव्हतं, म्हणून पाय घसरला त्याचा. नाहीतर पाण्यात बुडणारा होता का तो?"

घरात सगळे होते. कोणी आईला गप्प केलं नाही, मीही नाही, कारण मलाही तसंच वाटत होतं. वैजू खाली मान घालून उभी राहिली. आई म्हणाली, "बघा, आताही मुकीच."

त्यानंतर आईनं तिच्याशी जो अबोला धरला तो धरलाच. वैजू देवरूखला जाऊन राहिली, शाळेत संगीत शिकवू लागली. लग्न केलं नाही. श्रीरंगच्या तिथीला दरवर्षी एसटीनं यायची, स्वैपाकाला हात लावायची, संध्याकाळी जायची. आई तिच्या हातचं पाणी घेत नसे. आम्ही मस्कत सोडून गावी आलो, मग गौरीचे खडे मी पऱ्यावरून आणू लागले. आई दिवसभर त्या खड्यांसमोर बसे. नातवंड नाही, मुलगा नाही, पण गौरी आल्या की म्हातारी तीन दिवस माणसात यायची. त्यांच्याशी गप्पा मारायची, माझ्या पोराला सांभाळा ग बायांनो म्हणायची.

नव्वदी ओलांडून आई गेली. तिचं वर्षश्राद्ध झालं त्या दुपारी माणसं पांगल्यावर वैजू आणि मी मागच्या पडवीत पत्रावळी आवरत होतो. आता तिचे केस माझ्याहून पांढरे. हात धुऊन तिनं पिशवीतून एक पितळी डबी काढली आणि माझ्यापुढे उघडली. आत पाच खडे होते.

"हे त्या पिशवीतले ना?" मी म्हटलं. "तू अजून ठेवलेस?"

"ताई, हे त्यांच्या खिशात कसे आले, तुम्ही कधी विचारलं नाहीत."

"कसे आले?"

ती खाली बसली. "तुम्ही वळणाआड गेलात. मी खडे उचलायला वाकले. ते पाण्यात उभे होते. म्हणाले, 'वैजू, तू बोलू नकोस, नुसतं ऐक. मी तुला विचारायला हवं होतं. वडील तुझे, जीव तुझा, मी कोण ठरवणारा?' ताई, तोपर्यंत 'माफ कर' शंभरदा म्हणाले असतील. पण विचारायला हवं होतं, हे पहिल्यांदा म्हणाले. मग म्हणाले, 'परत ये, असंही नाही म्हणत. यायचं की नाही ते तूच ठरव.'"

"मग?"

"मग मला राहवलं नाही. पाणी थुंकले आणि म्हटलं, येईन."

मी तिच्याकडे बघतच राहिले. "येईन म्हणालीस? श्रीरंगला?"

"दिवाळीला येईन म्हटलं. पेटी इथेच ठेवून जाते म्हटलं. कसे हसले ते! पोरासारखे पाणी उडवायला लागले. मीसुद्धा भिजले. आणि मग एकदम जीभ चावली, म्हणाले, 'अगं, बोललीस की! खडे बाद झाले.' मी म्हटलं, असू दे, कोणाला कळतंय? तर म्हणाले, 'छे छे, आजच्या दिवशी गौरीशी लबाडी नको. तू पाणी भरून बस, मी आत्ता नवे घेऊन येतो.' आणि गेले. मी पाणी भरून बसले. मी आनंदात होते हो ताई. किती वेळ गेला ते मला कळलंच नाही."

पडवीत माश्या घोंघावत होत्या.

"अगो, मग हे सांगितलं का नाहीस? आई तुला काय काय बोलली! मरेपर्यंत तुझ्या हातचं पाणी घेतलं नाही तिनं!"

"काय सांगू? मी गौरीचा नेम मोडला, आणि गौरीचे खडे आणायला गेलेल्या त्यांना गौरीनं परत पाठवलं नाही, असं? आई माझ्यावर रागावल्या, ते बरं झालं. माझ्यावर रागावून त्या जगल्या. गौरीवर रागावल्या असत्या तर मग कोणापुढे बसल्या असत्या?"

"आणि मला? मला तरी सांगायचंस! मीसुद्धा इतकी वर्षं हेच धरून बसले की माझा भाऊ त्या एका शब्दावाचून गेला."

डबीचं झाकण तिनं लावलं, परत उघडलं.

"तुम्हाला सांगायचं तर सगळं सांगावं लागलं असतं. ते जाताना काय म्हणाले तेही."

"काय म्हणाला?"

"नको ना."

"वैजू, काय म्हणाला?"

"म्हणाले, 'नवे आणायलाच हवेत. नाहीतर ताई ओरडेल.'"

मी पडवीच्या खांबाला टेकले. "मी ओरडले नसते ग," मी म्हटलं. "मी तिकडे म्हणत होते, खडे बाद झाले तरी चालेल. आगाश्यांना विचार हवं तर. मी कशाला ओरडले असते?" हेच मी किती वेळा म्हणाले देव जाणे. वैजूनं माझा हात धरून ठेवला. म्हणाली, "मला माहीत आहे ताई. त्यांनाही माहीत होतं. हसत म्हणाले ते." मग मात्र आम्ही दोघी रडलो, इतक्या वर्षांत पहिल्यांदा एकत्र रडलो.

त्या भाद्रपदात मी पऱ्यावर गेले नाही. वैजूला बोलावून घेतलं. आमच्याकडे विधवेनं गौर आणायची रीत नाही. शेजारणी कुजबुजल्या, त्यांना म्हटलं, तुमच्या घरी नका आणू. तिच्या हातात ताम्हन दिलं, त्यात डबीतले पाच खडे ठेवले आणि तिला अंगणात पाठवलं. ती पायरीपर्यंत आली, उंबऱ्याशी थांबली. मी तिच्या पायांवर दूधपाणी घातलं.

"कोण आलं?" मी विचारलं.

"गौर आली," वैजू म्हणाली.

"कशी आली?"

"सोन्यामोत्यांच्या पावलांनी आली."

एवढंच विचारायचं असतं. पण मी दारातली वाट सोडली नाही. "कोणी आणली?" मी विचारलं.

वैजूनं ताम्हनाकडे पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"ह्यांनी," ती म्हणाली, आणि मी तिला आत घेतलं.